गोगलगाय त्याच कोपऱ्यात

राजेश्वरी : अप्पा, हे हाताला टोचतंय.

अप्पा : आल्या आल्या माशांच्या टाकीत हात घातलास व्हय? पुण्याहून आलीस, आधी हातपाय धू की. अव्वा चहा टाकतीय.

राजेश्वरी : टाकीतलं झाड टोचतंय. प्लास्टिकचं आहे हे. सगळीच प्लास्टिकची आहेत.

अप्पा : ती तुझी कुजायला लागली होती. वास यायला लागला पाण्याला.

राजेश्वरी : काल तर फोटो पाठवलात. ‘बघ, तुझी बाग कशी फुललीय’ म्हणून.

अप्पा : व्हय, ते...

राजेश्वरी : जुना होता ना? रोजचेच जुने! गोगलगाय प्रत्येक फोटोत त्याच कोपऱ्यात. मी विचारलं, अप्पा, मेली की काय ही? तर म्हणालात, आळशी हाय, तुझ्यासारखी. होस्टेलच्या पोरींना वाचून दाखवलं मी ते. हसलो आम्ही.

अप्पा : शेवटच्या वर्षाची परीक्षा तुझी. जिवाला घोर नको म्हटलं.

राजेश्वरी : गप्पीची पिल्लं कुठायत?

अप्पा : असतील की मागं कुठंतरी.

राजेश्वरी : झाडंच नाहीत तर लपतील कुठं? मोठ्या माशांनी खाल्ली असणार. खरं सांगा, झाडं काढली कुणी? अव्वानं?

अप्पा : आईला कशाला मधी आणतीस? मीच काढली.

राजेश्वरी : तुम्ही? दगडाला मॉसची रोपं बांधताना दोरा तुम्ही धरला होता, अप्पा. शिलाईचं रीळ संपवलं म्हणून अव्वा ओरडली, तेव्हा माझ्या बाजूनं भांडलात तिच्याशी.

अप्पा : बादलीत ठेवली होती गं नीट. पाहुणे गेले की परत लावणार होतो. तेवढ्यात नळाला पाणी आलं. अव्वाची भरायची घाई. तिला वाटलं घाण हाय, दिली मोरीत ओतून.

राजेश्वरी : कुठले पाहुणे?

अप्पा : चहा घे की आधी.

राजेश्वरी : अप्पा, कुठले पाहुणे?

अप्पा : अक्कलकोटचे. सिद्धलिंगप्पांच्या घरचे. नुसतं घर बघायला आले होते गं. त्यांच्या बाई लई टापटिपीच्या. अव्वा म्हणाली, हे शेवाळ बघून म्हणतील, पोरीला साधं पाणी बदलायचा कंटाळा.

राजेश्वरी : शेवाळ! चार-चार दिवस नळाला पाणी नसायचं, तेव्हा त्या झाडांच्या जिवावर टाकी नितळ राहिली. तुम्हाला ठाऊक होतं ते.

अप्पा : पण टाकी आवडली त्यांना. पोरीनं केवढ्या निगुतीनं ठेवलीय, म्हणाल्या.

राजेश्वरी : हे प्लास्टिक बघून? आणि तुम्ही काय म्हणालात?

अप्पा : म्हटलं, व्हय. सगळं तिच्याच हातचं हाय.

राजेश्वरी : आणि अव्वाचे गुडघे धरलेत, लगेच ये, असा फोन कशाला केलात? आत्ता ती गच्चीवरून पापडाची परात घेऊन धडाधड उतरली. कोण येणाराय घरी?

अप्पा : पोरगा. रविवारी, तुला बघायला. चांगला हाय, राजी, माणसं बी चांगली हायेत...

राजेश्वरी : असतील. परीक्षा होईपर्यंत कुणाला आणणार नाही, आधी तुला विचारीन, असं तुम्ही म्हणाला होतात. इथंच, टाकीपाशी बसून. मी शपथसुद्धा घातली नाही. अप्पा म्हणाले ना, मग झालं! अव्वानं केलं असतं तर तिच्याशी भांडले असते आणि तुमच्यापाशी येऊन रडले असते. आता कुणापाशी जाऊ?

अप्पा : चुकलं, पोरी.

(राजेश्वरी प्लास्टिकचं एकेक झाड उपटून फरशीवर ठेवत जाते.)

अप्पा : रविवारपर्यंत तरी राहू दे की ती.

राजेश्वरी : रविवारपर्यंत?

अप्पा : बरं, काढ. कळवतो मी त्यांना, पोरीची परीक्षा होऊ द्या, मग तिला विचारून सांगतो म्हणून. थांब, जरा बाहेर जाऊन फोन करून येतो.

राजेश्वरी : बाहेर नको, अप्पा. इथंच लावा. माझ्यासमोर.