पिवळ्या विलीसचा तवा

(पिवळ्या जीपमधले आवाज, वेगवेगळ्या फेऱ्यांतले.)

— माझी शिदोरी उजवीकडे ठेवा. डावीकडे ठेवली की पान करपतं.

— कोंबडीचं भाडं घेत नाही मी. पण कोंबडीनं मांडीवर बसायचं.

— हे धुकं आहे, दोन्या. पाऊस असता तर मीच सांगितलं असतं.

— गुडघा जरा तिकडे घ्या, गिअर टाकायचाय.

— बोट तिथंच ठेव. काढू नकोस.

— सपाटी लागली की आता. अजून दुसराच?

(कॉफीच्या डोंगरांतल्या कालार्का गावातलं गिल्दार्दोचं गॅरेज, सकाळची वेळ. मध्ये एक पिवळी विलीस जीप. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, गिअरबॉक्सवर, नव्यानं रंगवलेलं लोखंडी झाकण. जीप चालवणारी रुबिएला, तिची म्हातारी आई एदिल्मा, जिला सगळे मानानं ‘दोन्या’ म्हणतात, आणि मेकॅनिक गिल्दार्दो.)

गिल्दार्दो: ...म्हणून म्हटलं, कापायचंच आहे तर नीट कापू. हा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा चार बोटं उंच, आणि गिअरचा दांडा वीतभर मागे. जुनं झाकण बसेचना. मग मधला भाग कापून काढला आणि त्यावर हा घुमट वेल्ड केला. हात फिरवून बघा. सांधा लागतो कुठे?

रुबिएला: नाही रे. जन्मतःच असं असल्यासारखं वाटतंय. देव तुझं भलं करो, गिल्दार्दो.

गिल्दार्दो: आणि आता क्लच दोन-दोनदा दाबायला नको. तुमच्या गुडघ्याला सुट्टी. पालोसोलोचा चढ एका हातानं चढाल, दुसऱ्या हातात कॉफी.

रुबिएला: कालपासून मी हेच म्हणतेय आईला. या पोराचे उपकार कुठं फेडायचे? गिअरबॉक्ससुद्धा ह्याचाच. स्वतःच्या जीपसाठी ठेवलेला.

गिल्दार्दो: माझी जीप विटांवर उभी आहे. तिला कुठं जायचंय?

एदिल्मा: मला वर चढवा कुणीतरी.

रुबिएला: थांब आई. गिल्दार्दो, हे खाली काय लावलंयस? पत्र्याच्या पोटाला?

गिल्दार्दो: ते म्हणजे... सांगणार नव्हतो. लोकरीचा नमदा आहे. दोन थर, आणि वर रबर. आवाज नाही, उष्णता नाही. शेजारच्या अर्मेनिया शहरातून हौशी लोक जुन्या जीप घेऊन येतात ना, ते आधी हेच मागतात. तुम्ही कधीच काही मागत नाही. म्हणून न विचारता लावला. माझ्यातर्फे.

रुबिएला: उष्णता अजिबात नाही?

गिल्दार्दो: दिवसभर चालवा. लोणी ठेवा वर, वितळलं तर सांगा.

रुबिएला: हो का. छान. फारच छान केलंस.

एदिल्मा: मी अजून खालीच आहे.

गिल्दार्दो: या दोन्या एदिल्मा, हात द्या. इकडे सीटवर बसा.

एदिल्मा: सीटवर प्रवासी बसतात. मी माझ्या जागी बसते.

गिल्दार्दो: कुठल्या जागी?

एदिल्मा: ज्याच्यावर तू घुमट बांधलास, तिथं.

गिल्दार्दो: झाकणावर? त्याच्यावर कुणी बसतं का?

एदिल्मा: तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं बसलेय मी. सरक. आई गं. रुबिएला, धर मला, घसरतेय.

रुबिएला: धरलंय. दांड्याला पकड. दांडा ओढू नकोस, नुसता पकड.

गिल्दार्दो: तो उतार पाणी साचू नये म्हणून दिलाय.

एदिल्मा: पाणी साचलं नाहीच. मीही साचणार नाही. चल, एक चक्कर मार.

रुबिएला: वरच्या वळणापर्यंत जाऊन येऊ. गिल्दार्दो, बस मागे. आई, माझा खांदा पकड.

गिल्दार्दो: बघा, पहिल्यातून दुसऱ्यात. आला काही आवाज?

रुबिएला: नाही आला. बाबा असते तर बहिरे झालो समजून कान झटकले असते. गुडघा दुखला नाही रे. खरंच नाही दुखला.

गिल्दार्दो: तिसरा टाका. चढ आहे म्हणून घाबरू नका, ओढते ती.

रुबिएला: ओढतेय. आई, बघ, तिसऱ्यात चढतेय. आई?

एदिल्मा: बघतेय.

रुबिएला: काय झालं?

एदिल्मा: काही नाही. गाडी छान आहे.

रुबिएला: आई.

एदिल्मा: पोरानं एवढं केलंय. छान आहे म्हटलं ना?

गिल्दार्दो: बोला की, दोन्या. मला राग येत नाही.

एदिल्मा: गार आहे.

गिल्दार्दो: काय गार आहे?

एदिल्मा: तुझा घुमट. थडग्यावर बसल्यासारखं वाटतंय.

रुबिएला: वळवते मी. परत जाऊ.

गिल्दार्दो: मला नीट समजलं नाही. गार असणं चांगलं ना? पूर्वी पाय भाजत नव्हते का तुमचे?

रुबिएला: भाजायचे. पण अरे, कसं सांगू तुला? आमच्याकडे याला झाकण कुणी म्हणत नाही. तवा म्हणतात. सकाळी वर जाताना लोक आपापल्या शिदोऱ्या यावर ठेवतात, केळीच्या पानातल्या. वर थंडी असते, मळ्यात चूल पेटवायला कुणाला वेळ असतो? भात-घेवडा वर पोचेपर्यंत गरम राहतो. मक्याच्या अरेपा तर अशा शेकल्या जातात की काय सांगू. त्या घसरू नयेत म्हणून बाबांनी कडेनं पट्टी वेल्ड केली होती, बोटभर उंच.

गिल्दार्दो: ती पट्टी? मला वाटलं दुरुस्तीचं ठिगळ आहे. कापून टाकली मी.

रुबिएला: कापलीस, ठीक आहे. तुला काय माहीत? तुम्ही लोक खाली राहायला आलात तेव्हा तू रांगत होतास. मला वाटलं तू विचारशील, तुला वाटलं मी सांगेन.

गिल्दार्दो: नमदा आत्ता काढतो. शिदोऱ्यांचा प्रश्न मिटला.

रुबिएला: शिदोऱ्यांचं जाऊ दे. लोक थंड भात खातील, मला शिव्या घालतील, परत बसतील. हळू बोल जरा. आईचं सांगते. ती पडल्यापासून तिच्या कंबरेत लोखंड आहे. वरच्या थंडीत ते गारठतं, मग ती रडते. मला दाखवत नाही, पण रडते. फक्त या तव्यावर बसली की बरं वाटतं तिला. आणि घरी एकटी ठेवता येत नाही, मी नसताना दोनदा पडली. ती गाडीत असते म्हणून मी फेऱ्या करते. ती आली नाही तर मीही नाही. गाडी विकावी लागेल, गिल्दार्दो. तुझ्या गिअरबॉक्ससकट.

एदिल्मा: मी बहिरी नाही.

रुबिएला: माहितेय.

गिल्दार्दो: तुमच्याच रस्त्यावर फेऱ्या करणाऱ्या उरिएलच्या पिकअपमध्ये हीटर आहे म्हणे, दोन्या.

एदिल्मा: उरिएल गाणी लावतो. आणि वरून स्वतःही म्हणतो.

गिल्दार्दो: उतरा. इथं स्टुलावर बसा. रुबिएला, त्यांना गुळाचं गरम पाणी द्या, थर्मास खिडकीत आहे. मी झाकण उघडतो.

रुबिएला: कामाला आलेल्या गाड्या खोळंबतील तुझ्या.

गिल्दार्दो: खोळंबू देत. तो मधला पाना सरकवा. एक गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. जुना गिअरबॉक्स उघडला तेव्हा आत दुसऱ्या गिअरचे दात पार झिजलेले. तिसरा जवळजवळ नवा. मी पोरांना म्हटलंसुद्धा, हा ड्रायव्हर भित्रा होता, जन्मभर दुसऱ्यातच चालला.

एदिल्मा: माझा नवरा भित्रा? अर्सेसियो?

गिल्दार्दो: माफ करा. माझी आईही तेच म्हणायची. मी जन्मलो तेव्हा अर्सेसियोबाबांनी मला आणि तिला वरून इथं दवाखान्यात आणलं. आई म्हणायची, माणूस देवासारखा, पण गाडी मात्र बैलासारखी. उतार संपला, सपाट रस्ता आला, गाव आलं, तरी दुसराच गिअर. पोर मरतंय आणि हा दुसऱ्यात.

एदिल्मा: नोएमी असं म्हणायची?

गिल्दार्दो: हसून म्हणायची.

एदिल्मा: तिला काय दिसणार होतं? ती मागे पोत्यांवर आडवी होती, अर्धी बेशुद्ध. पुढे मी होते. तुला कुठं ठेवला होता, हे सांगितलं तिनं?

गिल्दार्दो: तुमच्या मांडीवर.

एदिल्मा: माझे हात बर्फ झाले होते. तू महिने भरायच्या आधी आलेलास, एवढासा, कातडी कागदासारखी. अर्सेसियोनं माझ्या अंगावरचा लोकरी रुआना घेतला, घडी घातली, तव्यावर अंथरला आणि तुला त्यावर ठेवला. दुसऱ्यात गाडी किंचाळली की तवा तापतो. तिसऱ्यात टाकली की निवतो. रोज शिदोऱ्या तापवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणारच. म्हणून दुसरा. सपाटीवरही, गावातही. दर वळणाला हात लावून बघायचा. फार तापला तर मला म्हणायचा, एक घडी वाढव. निवला तर, एक कमी कर.

रुबिएला: हे तू मलाही नाही सांगितलंस.

एदिल्मा: तू विचारलंस कधी? आणि गाडी एवढी ओरडत होती की याचा श्वास ऐकू येईना. म्हणून मी याच्या नाकाखाली बोट धरलं होतं. गावात येईपर्यंत.

रुबिएला: गिल्दार्दो?

गिल्दार्दो: पक्कड द्या. ती नाही, लांब टोकाची.

रुबिएला: थोडा वेळ बस तूही.

गिल्दार्दो: बसलो तर उठणार नाही. निघाला नमदा, हे बघा. आता गंमत सांगतो, दोन्या. नुसता नमदा काढून भागणार नाही. हा नवा गिअरबॉक्स थंड डोक्याचा आहे, दुसऱ्यात ठेवला तरी फार तापत नाही.

एदिल्मा: मग काय उपयोग?

गिल्दार्दो: ऐका तर. याच्या मागे जी पेटी आहे, चारही चाकांना जोर देणारी, ती जुनीच ठेवलीय. ती भट्टी आहे. आपण आत्ता वळणापर्यंत जाऊन आलो तेवढ्यात बघा कशी झाली. रुबिएला, इथं हात आणा. लावू नका, नुसता वर धरा.

रुबिएला: बाप रे.

गिल्दार्दो: पूर्वी ही जुन्या दांड्याजवळ, इथं पुढे होती. गिअरबॉक्स लांब झाला म्हणून ती मागे सरकली, वीतभर. म्हणजे तवा गेलेला नाही. तवा मागे गेलाय. मी मात्र घुमट बांधत बसलो पुढे.

रुबिएला: मग आता?

गिल्दार्दो: आता मागचा हा भाग सपाट करतो. आणि त्या भिंतीवर बघा, खिळ्याला.

रुबिएला: तो तुकडा? बाबांची पट्टी आहे त्यावर. तू म्हणालास कापून टाकली.

गिल्दार्दो: कापून काढली. टाकली कुठं? चांगला जाड पत्रा आहे, असा आता मिळत नाही. म्हटलं, कधीतरी स्वतःच्या जीपला लावीन.

एदिल्मा: तुझ्या जीपचं बाकी काय उरलंय?

गिल्दार्दो: विटा उरल्यात. डोळे तिकडे करा दोघी, वेल्डिंग सुरू करतोय.

रुबिएला: आई, तिकडे बघ.

एदिल्मा: तिकडेच बघतेय. ते गुळाचं पाणी दे इकडे. रुबिएला.

रुबिएला: काय?

एदिल्मा: रडू नकोस. पोराला वाटेल काम आवडलं नाही.

गिल्दार्दो: झालं. ग्राइंडर मारतो थोडा, कपडे फाटायला नकोत. पट्टी सरळ आली नाही, दोन्या.

एदिल्मा: सरळ कधी होती? अर्सेसियोनं लावली होती ती.

गिल्दार्दो: रंग नंतर मारू. बसून बघा. थोडं मागे, अजून मागे. तिथं.

एदिल्मा: इथून पुढचा रस्ता दिसत नाही. रुबिएलाचा कान दिसतो.

रुबिएला: मग रस्त्याबद्दल सूचना देणं बंद होईल.

एदिल्मा: कानात देईन. चल, वळणापर्यंत. गिल्दार्दो, तू पुढे बस सीटवर. आज तू प्रवासी.

गिल्दार्दो: भाडं?

एदिल्मा: तू एकदा चढलास, तेव्हाही नव्हतं घेतलं.

रुबिएला: दुसरा. तिसरा. आई, काही जाणवतंय?

एदिल्मा: थांब. तापू दे.

गिल्दार्दो: चौथा टाका, सपाटी आली.

एदिल्मा: चौथा नको. दुसऱ्यात घे.

रुबिएला: आई, पाच गिअर आहेत हिला आता.

एदिल्मा: असू देत. घे दुसऱ्यात.

गिल्दार्दो: घ्या, रुबिएला. मीच सांगतो, घ्या.

रुबिएला: बरं. घेतला.

एदिल्मा: आलं.

रुबिएला: काय आलं?

एदिल्मा: ऊब आली. कंबरेला लागली बघ. गिल्दार्दो, इथं हात लाव. असा, उलटा. तो असाच लावायचा.

गिल्दार्दो: गरम आहे.

एदिल्मा: गरम आहे ना?

गिल्दार्दो: हो, दोन्या.

एदिल्मा: मग राहू दे हात. वळण येईपर्यंत.

(हाच रस्ता, गिल्दार्दो जन्मला त्या दिवशी.)

अर्सेसियो: रडू नकोस, नोएमी. एदिल्मा, तुझा रुआना दे. या गाडीला हीटर नाही.