कापलेल्या कडा

नाही हो दादा, भांडायला नाही आले मी. तुम्ही ही राक्षसांच्या चित्रांची कार्डं गुण लावायला पाठवलीत, कंपनीनं तपासली, परत आली, यात तुमचा काय दोष? फक्त ही चिठ्ठी मला एकदा वाचून दाखवा, म्हणजे माझ्याच वाचण्यात चूक नाही ना ते कळेल. कडा कापलेल्या. गुण दिले नाहीत. असंच ना? सगळ्यांवर हेच? या निळ्या समुद्रराक्षसावरसुद्धा? — असेल. असणारच म्हणा. आमचा सगळ्यात जीव याच्यावर होता — म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तो म्हणायचा, हे कार्ड तपासायला गेलं की दहापैकी नऊ तरी पडतील, आणि मग ते कडक पारदर्शक डबीत बंद होऊन येईल, वर त्याचा नंबर. दर वेळी म्हणायचा, पुढच्या महिन्यात पाठवतो. मग ताप आला, साधाच वाटला आम्हाला, आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. तुम्ही ओळखत होतात ना त्याला? इथेच यायचा, हेल्मेट काढायचा नाही, तसंच डोक्यावर ठेवून कार्डं बघत बसायचा. हो, तोच.

कारखान्यातूनच अशी आली असतील, नाही? कुठे मशीन हललं असेल, एखादा गठ्ठा लहान कापला गेला असेल — होत असेलच की. तुम्हाला नाही वाटत? — बरं. — नाही, तुमचं बरोबर आहे, एकदम सगळीच कशी लहान निघतील. मीही काउंटरवरच असते, औषधांच्या दुकानात, त्यामुळे समोरचा माणूस मान हलवतो तेव्हा हो म्हणतोय की नुसता ऐकून घेतोय, ते कळतं मला. पण दादा, आत्ता तुम्ही एवढंच करायचं. माझे सासरे समोर चष्म्याच्या दुकानात थांबलेत, काडी निसटलीये ती बसवून घेतायत. ते आत आले की म्हणायचं, कारखान्यातूनच लहान आलेली कार्डं आहेत, कंपनी अशांना मार्क देत नाही. बस. एवढं एकच वाक्य.

का म्हणजे — म्हातारं माणूस आहे हो. आयुष्यभर पुस्तकं बांधली त्यांनी. घराच्या मागच्या खोलीत कागद कापायचं मोठं मशीन आहे, त्याचा दांडा ओढला की सगळ्या भिंती हलतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस दचकून उठायचे मी. आणि या बापलेकांचं कधी जमलंच नाही बघा. भांडण असं नाही, पण हा पाकिटं फोडून राक्षसांची कार्डं जमवतोय आणि ते म्हणतायत, कागद वाचायला असतो, बाळगायला नसतो. शाळेत त्याचा निकाल आणायलासुद्धा कधी गेले नाहीत, नेहमी सासूबाईच जायच्या. ते काय, कामात. कागदाचा ढीग पडलेला असायचा. तर तो गेल्यावर हे जे अंथरूण धरून बसले, ते दाढी नाही, जेवण नाही, मी ताट ठेवायचे आणि तसंच उचलायचे. मी एकटी किती बोलणार? मलाही रडायचं होतं की. पण घरात एका वेळी एकालाच रडता येतं, दुसऱ्यानं कुकर लावायचा असतो.

मग एक दिवस मी त्याचं कपाट आवरत होते, ते दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, सूनबाई, ती कार्डं कुठे तपासतात? मी सांगितलं, असं असं दुकान आहे, ते पुढे पाठवतात, दहापैकी मार्क येतात. तर म्हणाले, पाठवू या की. बघू किती पडतात त्याला. — त्याला म्हणाले हो, कार्डाला नाही. मी तोंडावर पदर धरून कपाटातच डोकं घातलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंती हलल्या. मी धावत मागे गेले. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, पात्याला धार लावून झालेली, आणि मशीनखाली त्याची कार्डं, एकेक करून. इतक्या निगुतीनं लावत होते, जिभेचं टोक दातात धरून. कडा जरा फुगल्या होत्या, कोपरे मऊ पडले होते, तेवढंच केसभर काढत होते. मला बघून म्हणाले, पोराला परीक्षेला धाडताना नीटनेटकं धाडायला नको?

नाही, मला कुठे माहीत होतं. मला या कार्डांतलं ओ की ठो कळत — बघा ना, काय बोलतेय मी. माहीत होतं, दादा. नवरा शंभरदा सांगायचा, कडांना बोट लावू नकोस, कड गेली की कार्ड गेलं. अर्धी तेव्हा कापायची राहिली होती. हा निळा तर हातातच होता त्यांच्या. मी नुसतं बाबा थांबा म्हटलं असतं तर थांबले असते. मी म्हटलं, छान दिसतायत बाबा. आणि त्या दिवशी ते जेवले. भात मागून घेतला पुन्हा. एवढंच दिसत होतं मला, दुसरं काही नाही. तेव्हापासून रोज विचारतात, निकाल आला का. गल्लीतल्या लोकांना सांगतात, आमच्या मुलाचा निकाल यायचाय. आता त्यांना काय सांगू मी, की तुम्हीच —

आले. ऐका, कारखान्यातून. लक्षात आहे ना?

या बाबा. बसली काडी? नीट दिसतंय? — हो, आलीत. हे दादा तेच सांगत होते, कार्डं कारखान्यातूनच जरा लहान निघाली आहेत, म्हणून कंपनी मार्क देऊ शकत नाही. नापास नाही बाबा, नुसतं तपासलंच नाही असं समजा. हो ना दादा? — सांगा ना. — हां, बघा, तेही तेच म्हणतायत.

बाबा, काय बघताय उजेडात? पाकिटात ठेवा ना ते, घरी जाऊन बघू. — अहो, बोट कशाला फिरवताय कडेवरून.

काय? — नाही, कुठल्या पात्याचा कट आहे ते मला कसं कळणार? पाती सगळी सारखीच असतात. — कारखान्याचाच आहे. बाबा, ऐका माझं, कारखान्याचाच आहे.

दादा, कार्डांना पिशवी राहू द्या. खुर्ची द्या जरा त्यांना. आणि आता तुम्ही काही बोलू नका.