तुलना गटातली जाऊ

थोरली : आधी ते सांगा, तिनं काय सांगितलं. मग माझं लिहा.

सर्व्हेवाली : वहिनी, एकीची उत्तरं दुसरीला सांगायची नाहीत, असा नियम आहे.

थोरली : दुसरी कोण? जाऊ आहे माझी. एकाच गॅसवर दोघींचा चहा उकळतो.

सर्व्हेवाली : मग त्यांनाच विचारा ना.

थोरली : मी? तिला? त्यापेक्षा अंदाजानं चालवीन.

सर्व्हेवाली : आज चौथी आणि शेवटची भेट. पहिला प्रश्न. सध्या नोकरी करता?

थोरली : मागच्या वेळी काय म्हटलं होतं मी?

सर्व्हेवाली : कुरिअर कंपनीत सुपरवायझर. पहिल्या भेटीत काहीच नव्हतं. मग धाकट्या वहिनी मोबाइल दुरुस्तीचा कोर्स संपवून सर्व्हिस सेंटरला लागल्या, त्याच आठवड्यात तुम्हीही लागलात. तिसऱ्या भेटीत तुम्हाला केबिन मिळाली.

थोरली : तिला तेव्हा सेंटरमध्ये फिरती खुर्ची मिळाली होती ना.

सर्व्हेवाली : आणि आज?

थोरली : आज तिला काय मिळालं, तेच तर मघापासून विचारतेय.

सर्व्हेवाली : वहिनी, मंगळवार आहे, साडेअकरा वाजलेत. कुरिअर कंपनीतली सुपरवायझर या वेळी घरी वाटाणे सोलत बसत नाही.

थोरली : सुट्टी घेतलीय.

सर्व्हेवाली : दर भेटीला?

थोरली : हे बघा, कोर्सचा अर्ज दोघींनी एकाच दिवशी भरला. फोटोही एकत्रच काढले. त्यात तिचे डोळे मिटलेले. तरी तुमच्या कॉम्प्युटरनं सोडतीत तिलाच उचललं. आणि मला कशात घातलं म्हणालात?

सर्व्हेवाली : तुलना गटात. शिकलेल्यांना नोकऱ्या कोर्समुळे लागल्या, की तशाही लागल्या असत्या, हे ताडून बघायला न शिकलेल्या बायकाही लागतात.

थोरली : म्हणजे ती पास दिसावी म्हणून मी वर्षभर नापास बसायचं. तिला नोकरी, मला दर भेटीचा एक असे चार नॅपकिन.

सर्व्हेवाली : तीन. चौथा आजचा फॉर्म भरल्यावर.

थोरली : ठेवा तुमच्याकडेच. डोळे पुसायला तीन पुरेत.

सर्व्हेवाली : खरं तर हे मी सांगायला नको. पण दुसरी तुकडी निघतेय. तुलना गटातल्या बायकांना आधी घेणार, सोडत-बिडत नाही. अट एकच, नोकरी नसली पाहिजे. यादी आजच्या उत्तरांवरून जाणार, संध्याकाळी.

थोरली : आणि मी नोकरीत.

सर्व्हेवाली : तुम्ही केबिनमध्ये.

थोरली : खोटं बोलले म्हणून वर कळवाल का हो?

सर्व्हेवाली : ‘उत्तर दुरुस्त’ असा रकाना आहे. त्याला फार मागणी आहे. या गल्लीत कोर्स न मिळालेल्या सात जणी, त्यांतल्या पाच कागदावर मॅनेजर. साहेबांना वाटायला लागलंय, कोर्स बंद करून सगळ्यांना घरीच बसवावं, त्यानं रोजगार जास्त वाढतो.

थोरली : पाच? समोरचीसुद्धा? अहो, ती स्वतःच्या घरात चष्मा शोधत फिरते. तिला मॅनेजर कुणी केलं?

सर्व्हेवाली : वहिनी, तुमचं बोला.

थोरली : माझं काय बोलायचं? ती सकाळी गळ्यात कार्ड अडकवते, दारातून वळून ‘येते हं’ म्हणते, आणि जाते. वाईट काही बोलत नाही, तेच तर वाईट आहे. त्या ‘येते हं’ नंतर मला दिवसभर घास गिळवत नाही. मलाही एकदा म्हणून बघायचंय. कुणालाही. दाराला म्हटलं तरी चालेल.

सर्व्हेवाली : मग दुरुस्त करू?

(धाकटी गळ्यातलं कार्ड सावरत घाईनं आत येते.)

धाकटी : अय्या, माझा फॉर्म भरून इकडेच आलात होय? चार्जर विसरले मी. जाऊबाई, बाळीला बाराला शाळेतून आणायचंय हं.

सर्व्हेवाली : थोरल्या वहिनींच्या नोकरीची नोंद दुरुस्त करत होतो आम्ही.

धाकटी : दुरुस्त कशाला? बरोबर आहे ती. सुपरवायझर आहेत त्या.

थोरली : काय आहे मी?

धाकटी : केबिन आहे त्यांना. मी स्वतः पाहिलीय. काच आहे, पंखा आहे.

थोरली : पंखा तर मीही सांगितला नव्हता.

सर्व्हेवाली : अहो, पण दुसरी तुकडी...

धाकटी : माहीत आहे. सेंटरवर परवाच नोटीस लागलीय.

थोरली : परवा! तरीच परवापासून जीभ मधात बुडवून फिरतेयस. काल माझ्या गुडघ्याला तेल चोळलंस. म्हटलं, बाईला उपरती झाली.

धाकटी : तुमची धावपळ नको म्हणून म्हटलं.

थोरली : माझी?

धाकटी : बरं, माझी. झालं? बाळी आता माझ्या हातचा घास घेत नाही, ठाऊक आहे ना? मी पुढे केला की तोंड फिरवते. ‘मोठी आई देईल’ म्हणते. झोपते तुमच्याकडे, पडली तरी रडत तुमच्याकडे. मी घरात आले की पाहुणी आल्यासारखी बघते. एवढं सगळं तुमच्याकडे आहे, जाऊबाई. माझ्याकडे हे एक कार्ड आहे. तेही हवंय तुम्हाला?

थोरली : हो.

धाकटी : हो?

थोरली : बाळी मी मागून घेतली नव्हती. सकाळी नऊला तूच ठेवून जातेस. कार्ड मात्र मागतेय. मॅडम, लिहा. नोकरी नाही. कधीच नव्हती. कोर्सला यायची तयारी आहे. वेळ काय त्याची?

सर्व्हेवाली : अकरा ते चार. खाडा चालत नाही.

धाकटी : अकरा ते चार? मग बाराला बाळीला कोण आणणार?

थोरली : तुझा नवरा.

धाकटी : त्यांना शाळेचा रस्ता तरी ठाऊक आहे का?

थोरली : मॅडम, तुमच्या फॉर्मात आहे का हा प्रश्न? बाराला मुलीला कोण आणतं?

सर्व्हेवाली : नाही.

थोरली : मग पुढचा घ्या.