तुटक रेघेतला तीन नंबर

कॉलेजात मला लॅबमावशी म्हणतात. कागदोपत्री नाव आपण वेगळे लिहून घेतले आहे. वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, वास्तुकला महाविद्यालयात संगणक लॅबची देखरेख, राहणार कॉलेजच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला. आज सोमवारी ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमच्या लॅबमध्ये अकरा संगणक आहेत आणि शेवटच्या वर्षाला बेचाळीस मुले. इमारतीचे मोठे चित्र उघडायचे तर अकरापैकी चारच चालतात, बाकीचे धापा टाकतात. चारांत तीन नंबर सर्वांत चांगला. चित्राच्या प्रोग्रामचा परवाना त्या त्या संगणकाला बांधलेला असल्याने मुलांना घरी काम करता येत नाही. नवीन संगणकांसाठी मी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा ड्रॉइंगच्या सरांनी मोडता घातला. आधी पोरांच्या हाताला वळण लागू दे, असे त्यांचे म्हणणे. सर चौतीस वर्षे हाताने नकाशे काढायला शिकवत आहेत आणि महिनाअखेर निवृत्त होत आहेत. त्यांनी माउसला बोट लावलेले मी कधी पाहिले नव्हते.

आज सकाळी दहाला कुलूप उघडले तर तीन नंबरचा स्क्रीन होता, पण खालचा सीपीयूचा डबा नव्हता. टेबलावर ड्रॉइंगचा मोठा कागद होता. मुले असे कागद नेहमी टाकून जातात, म्हणून तो न बघताच गुंडाळून कपाटात ठेवला. संशय माझ्यावरच येणार होता, कारण किल्ली माझ्याकडे असते. दुसरी सरांकडे असते, पण ते माझ्या डोक्यातही आले नाही. प्राचार्यांनी चोरीची तक्रार दिली.

साडेबाराला मी सरांना फोन केला, तो केवळ माझे रडगाणे ऐकवायला. सर म्हणाले, "अहो, डबा त्या मनगट मोडलेल्या पोरीकडे आहे. टेबलावर नकाशा ठेवलाय की मी."

मी कागद उघडला. त्यावर लॅबचा प्रमाणबद्ध नकाशा होता आणि तीन नंबरचा डबा तुटक रेघेने काढला होता. तुटक रेघ म्हणजे तिथून हलवलेली वस्तू, हे पहिल्या वर्षाचे पोरही सांगेल. बाणापुढे रेखीव अक्षरात मुलीचा हजेरी क्रमांक, 'सोमवारी दुपारी परत' आणि सही. उत्तर दिशासुद्धा दाखवली होती. साधी दोन ओळींची चिठ्ठी लिहावी, हे या माणसाला सुचले नाही.

सदर मुलगी शेवटच्या वर्षाची. गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडून तिचे उजवे मनगट मोडले. आज पाचपर्यंत काम जमा झाले नाही तर तिचे वर्ष जाते. सरांनी शनिवारी दुपारी डबा उशीच्या अभ्र्यात घालून टॅक्सीने तिच्या घरी नेला. परवानगी घेतली नाही, ही त्यांची चूक आहे. दोन दिवस ती सांगत होती आणि सर माउस हलवत होते. तिची आई मला फोनवर म्हणाली की, पहिल्या तासात एक भिंत चुकली तेव्हा सरांनी खिशात खोडरबर शोधला.

मी हे प्राचार्यांना सांगितले आणि त्यांनी ठाण्यात कळवले, पण तक्रार नोंदलेली असल्याने मी ठाण्यात पोचेपर्यंत आपल्या माणसांनी डबा जप्त करून आणला होता. काम पुरे झालेले, पण त्यातच अडकलेले, आणि दुसऱ्या कशावर उघडत नाही. मागोमाग सर आणि मुलगी आली. सर साहेबांना म्हणाले, "माझ्या नावावर काय लिहायचं ते लिहा. आधी पोरीचं काम बाहेर काढू द्या."

प्राचार्य तक्रार मागे घ्यायला तयार झाले, पण डबा सुटायला कागदपत्रांचा वेळ लागणार होता. साहेबांनी पंचांसमोर तो ठाण्यातल्याच स्क्रीनला जोडू दिला. आता चार वाजले आहेत. इथून मला दारातून दिसते की सर चष्मा कपाळावर सरकवून बसले आहेत आणि आता कुठे दाबू असे विचारत आहेत. मुलगी त्यांना 'हळू' असे म्हणते आहे. बारापैकी नऊ नकाशे पेनड्राइव्हवर आले आहेत. मघाशी सरांनी माझा चौथा अर्ज मागून घेतला आणि त्यावर सही केली. सकाळी मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता कॉलेजात ते नसतील याचे वाईट वाटते आहे.

चोरी झालेली नाही. माझी सरांविरुद्ध काही तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात सरांचा उल्लेख जिथे जिथे 'सदर इसम' असा होता, तिथे तिथे माझ्या सांगण्यावरून खोडून 'सर' केले आहे. आता तो बरोबर आहे.