भाईने न दिलेला शब्द

जमलेल्या सगळ्यांना, आमच्या सोसायटीतल्यांना आणि भाईच्या चर्चमधून आलेल्यांना, नमस्कार. मी सुनंदा, संतोषची धाकटी बहीण. आम्ही त्याला भाई म्हणायचो.

मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. मंगळवारी भाई गेला आणि मला अजून रडू आलेलं नाही. आज सकाळी मी भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा केली. असं कसं होतं, कळत नाही.

भाई कॉलेजात असताना ख्रिस्ती झाला. घरात खूप आरडाओरडा झाला. मग तोही थांबला. गणपतीत भाई भांडुपच्या घरी यायचा, नारळ खवायचा, ढीगभर भांडी घासायचा. आरतीला मात्र बाहेर गॅलरीत उभा राहायचा. देवाला दाखवलेलं खायचा नाही. म्हणून आई नैवेद्याच्या आधीच त्याचे मोदक वेगळे काढून ठेवायची. कुणाला काही सांगायची नाही. नुसती बशी त्याच्या हातात द्यायची.

शेवटची दोन वर्षं आई अंथरुणावर होती. तिचं सगळं भाईने केलं. सगळं म्हणजे सगळं. मी सासरी बोरीवलीला, मी रविवारची पाहुणी.

आई गेली. दहाव्याला तलावाकाठी काकांनी पिंड ठेवले. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. तुम्हाला माहीतच आहे, मग एकेक जण पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतो. मी दिला. काकांनी दिला. कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. सगळे भाईकडे बघायला लागले.

काका म्हणाले, "संतोषा, म्हण नुसता, आये, मी घरच्या देवाक परत हात जोडतलंय. मागसून कोण इचारूक येता?"

नुसतं म्हणायचं होतं हो. एक वाक्य. भाई रडत होता, ओठ हलत होते. मला वाटलं, म्हणतोय आता.

तो म्हणाला, "काका, आई माझे मोदक वेगळे काढायची. मी कोण ते तिला माहीत होतं. ती गेली म्हणून आता तिला फसवू?"

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मला भाईचा राग आला. खरं सांगू? थोडा अजूनही आहे. आईसाठी एवढंही नाही?

काल काकांचा गावाहून फोन आला. म्हणाले, तेराव्याला संतोषाच्या नावाने गुपचूप एक पान वाढून ठेव. त्याच्या माणसांना कळणारसुद्धा नाही.

वहिनी, तुमच्यासमोर सांगते. मला ते पान ठेवायचं होतं. फार ठेवायचं होतं. भाईसाठी हाताने काहीतरी केल्याशिवाय मला तो गेल्यासारखा वाटणार नाही. रात्री तांदूळही काढून ठेवले होते.

पण कुणाला कळणार नाही म्हणून करायचं, हेच तर त्याने आयुष्यभर केलं नाही. आईसाठीसुद्धा केलं नाही. मग मी त्याच्याच नावाने कसं करू?

मी पान ठेवणार नाही. काकांना आज सांगते.

चर्चच्या मंडळींनो, तुमची प्रार्थना मला येत नाही. तुम्ही म्हणा, मी वहिनींच्या शेजारी उभी राहते. त्याआधी सगळेच जरा उभे राहूया. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.