खालच्या वाड्याचा सप्ताह

हॅलो?… कोण?… गौरवी? अगो, मग बोल ना. विहिरीतून बोलतेस की काय… थांब, बाल्कांवात येते, घरात रेंज नाही.

देवकीबाई फोन कानाला धरूनच बाहेर आल्या आणि बाल्कांवातल्या, दारापुढच्या सोप्यातल्या, बाकावर टेकल्या. गोव्यात, पेडण्यातल्या त्या गावच्या सरपंच होऊन त्यांना तिसरं वर्ष लागलं होतं. गौरवी त्यांची धाकटी लेक. दूर हैदराबादेत, उपग्रहांच्या चित्रांवरून डोंगर, समुद्र आणि पाऊस यांच्यावर नजर ठेवणं ही तिची नोकरी. समोर यजमान सगुणराव वर्तमानपत्रामागे बसले होते, म्हणजे ऐकत होते.

हां, आता बोल… पाऊस? काल रात्रभर होता, आता उघडलाय जरा… बक्षिसाचंच ना? हरित गावांची यादी म्हणे वरून बघून ठरवतात… तुम्ही नाही ठरवत? मग फोन कशाला केलास?… हो, हो… बोल तू. मी गप्प.

… कुठला डोंगर?… आपल्या खालच्या वाड्यावरचा? अगं, तो हिरवाच आहे. इथून दिसतोय ना मला, शेताच्या पलीकडे… जाळी? कुठली जाळी?

सगुणरावांनी वर्तमानपत्र खाली केलं.

… बरं, आहे जाळी. रोपवाटिकेवर घालतात तीच. त्या दिल्लीवाल्याने बंगल्यांसाठी डोंगर कापला, तिथे लाल माती उघडी पडली होती, बघायला बरं दिसेना. म्हणून तुझ्या बाबांनी घालून घेतली… फसवतंय कोण? पाहुणे यायचे झाले की आपण पलंगावर बरी चादर घालतो ना, तसंच. वरून बघणाऱ्यालाही जरा बरं वाटावं.

… कळलं उपग्रहाला? एवढ्या वरून?… हां… हां… पान उन्हात आणखी एक प्रकाश परत फेकतं, आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतो… आणि जाळी फेकत नाही. म्हणजे हिरवी आहे पण जिवंत नाही, एवढंच ना? ते आम्हालाही माहीत होतं बाय, त्यासाठी रॉकेट कशाला सोडायला हवं.

अहो, जाळी ओळखली म्हणते… तुझे बाबा विचारतात, वर माडाच्या झावळ्या बांधल्या तर?… ताज्या गो, हिरव्यागार… बरं बरं, ओरडू नको. नाही बांधत.

… बक्षिसाचं नाहीच म्हणतेस. मग काय?… सरकतोय? कोण सरकतोय?

देवकीबाई उठून कठड्याशी गेल्या. जाळीचा डोंगर होता तिथेच होता. निदान त्यांना तरी तसा दिसला.

… डोंगर कसा सरकेल गो?… हा दुसरा उपग्रह? किती आहेत तुमच्याकडे?… रडारचा. ढगांतून बघतो, जाळीतूनही… बारा दिवसांनी त्याच जागी परत येतो आणि मागच्या खेपेशी ताडून बघतो, बरं… किती?… बोटभर. बोटभर म्हणजे काय विशेष?… दर खेपेला बोटभर. आणि कापलेल्या कडेला जास्त.

… परवापासून? पुन्हा?… समुद्र तापलाय म्हणून. हो, तोही तुम्ही वरूनच मोजता, सांगितलं होतंस… पंधरवड्याचा पाऊस दोन दिवसांत पडणार… हूं.

… ऐक ना. माझं माहेर पाळी गावचं, खाणींतलं. खाणीच्या मातीचे ढीग पावसात कसे चालू लागतात, ते मला उपग्रहाने शिकवायला नको. आधी फट पडते. मग विहिरीचं पाणी लाल होतं… झालंय. खालच्या वाड्यातल्या विहिरीचं. झाले आठ-दहा दिवस… नाही, कोणाला काही बोलले नाही. क्लोरीन टाकून घेतला.

… रिकामा करू? सगळा वाडा? बोलायला सोपं आहे गो. पंचायतीनेच वर कळवलंय, डोंगर जसा होता तसा आहे म्हणून. सही माझी. आता मीच दारोदार जाऊन सांगू, उठा, डोंगर येतोय? लोक विचारतील, कुठला? जो कापलाच नाही तो?… तुमच्या ऑफिसातून पत्र येईल, हो. ते आधी वर जाईल, मग खाली येईल. डोंगराला तसं काही नसतं.

… थांब, पाववाला पोदेर आला. अहो, उंडे घ्या. नाही, मोठे घ्या.

सायकलचा भोंगा लांब गेला. सगुणरावांनी पाव फडक्यात गुंडाळले.

… आहेस ना? ऐक. सप्ताह ठेवते… भजनी सप्ताह, देवळात. देऊळ शेताच्या अलीकडे, तिथे डोंगर पोचायचा नाही… श्रावणात असतो, मला काय शिकवतेस. यंदा आषाढातच घेऊ. सगळे ऋतू पुढेमागे झालेत म्हणून तूच सांगतेस ना? मग देवालाही कळू दे… गायचा पहिला पार खालच्या वाड्याचा, आणि पाळी बदलायचीच नाही. रात्रंदिवस तेच गाणार, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. जेवण तिथे, झोप तिथे… खोटं कसं? देवाचं नाव घेणं खोटं?… मंडपाचं दिल्लीवाल्याला सांगतो म्हणतात तुझे बाबा. देईल तो. भाविक माणूस आहे, डोंगराला जेसीबी लावण्याआधी नारळ फोडला होता.

… सात दिवसांनी? सात दिवसांनी पुढचं बघू… येतील गो सगळी. सप्ताहाला कोण नाही म्हणतो… कोण?… यशोदा?

देवकीबाई कठड्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. यशोदेचं घर वाड्याच्या टोकाला, थेट डोंगराच्या पायथ्याशी. तिचे सासरे गेल्याच आठवड्यात वारले होते.

… सुतक आहे तिच्याकडे… हो. बारावं व्हायचंय… नाही, देवळाची पायरी चढायची नाहीत ती. मी सांगितलं तरी नाहीत… घर भरलेलं आहे गो. नणंदा आल्यात पोराबाळांना घेऊन, हरमलचा दीर आलाय… तेच तर म्हणते मी. सुतकातलं घर काय सांगून बाहेर काढायचं? देवळात बोलावता येत नाही, जेवायला बोलावता येत नाही… अहो, तुम्ही सांगा ना काहीतरी.

सगुणराव पुन्हा वर्तमानपत्रामागे गेले होते.

… काय?… खरं सांगू?

कौलांवर पाऊस वाजू लागला. परवापासून येणार होता तो, की त्याच्या आधीचा, हे देवकीबाईंना कळेना.

… दुसरं काही सुचत नाही ना तुला?… मलाही नाही… फोनवर नको. सुतकातल्या घरी असं फोनवर सांगतात का? जाते मीच… आहे छत्री… मग सप्ताह कशाला आता? यशोदेला सांगितलं की वाडाभर होईल. शाळेच्या चाव्या घेऊन जाते, तिथेच नेते सगळ्यांना… हो, सही माझी होती, तेही सांगीन. विचारलंन तर… बाबांना काय विचारतेस, ते वाचतायत.

… नाही गो, तिला कसला धक्का बसतो. डोंगर कापला ते तिला माहीत आहे, जेसीबी तिच्याच परसातून वर गेला. सगळ्या वाड्याला माहीत आहे. तुझ्या उपग्रहालाच काय ते आता कळलं… ठेवते.