पहिलं डिकॉक्शन

नाही गं विनुता, बस आधी. सिलिंडर काय पळून जातंय? कुलपात आहे — किल्ली माझ्या कमरेला. तुला तुझं सिलिंडर परत हवंय, घरी वेगळा स्टोव्ह पेटवायचाय — समजलं मला. सासूला नीट कॉफी मिळत नाही म्हणून, हो ना? पण तू ओरत्तनाडूहून लग्न होऊन आत्ताशी आलीस, तुला आमच्या कंपाउंडचं मागचं ठाऊक नाही. वरुणराव कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले, शिकवायला मुलं उरली नाहीत, मग आम्ही सापडलो. म्हणाले, पैसा हेच लाचेचं मूळ. पैसा काढा, लाच आपोआप जाईल. सगळ्या घरांचं एकच स्वयंपाकघर. त्यांच्या पापनाशमच्या शेतातला तांदूळ, राममूर्तींच्या गाईचं दूध, माझी ही मोठी खोली — जमेल ते करावं, लागेल ते घ्यावं. कुणी काय करायचं ते वरुणराव ठरवणार आणि संध्याकाळी फोनवर पाठवणार. सगळ्यांची बँकेची कार्डं त्यांच्या कपाटात — मोह नको म्हणून. गॅसवाला मेला अजून पैसेच मागतो, त्याला ते गेटबाहेर जाऊन देतात. आत पैसा आला नाही ना? सरी, झालं तर!

आणि खरंच लाच गेली गं, मी साक्षीला आहे. राममूर्तींची बायको रोज मला मल्लीचा, मोगऱ्याचा गजरा आणते — ती काय लाच? प्रेम आहे ते. तिला चुलीपुढे उकडतं, म्हणून मी वरुणरावांच्या कानावर घातलं आणि तिला झाडांना पाणी घालायचं काम मिळालं. आता बिचारी झाडंही खूश, तीही खूश. आमचा मुलगा, श्रीकर? त्याचं नाव फोनवर येत नाही, खरंय — पण त्याचं कंप्युटरवरचं काम, डोक्याचं काम, तेही कामच की. मी नाही म्हणत, वरुणरावच म्हणाले. इथंच बसून, कॉफी पिता पिता.

कॉफीचं म्हणशील तर — फिल्टरमधून पहिलं डिकॉक्शन उतरतं ते थोडंच. घट्ट, काळंभोर. मग त्याच पुडीवर परत पाणी ओतायचं, आणि उतरेल त्याला कॉफी म्हणायचं. पहिलं कुणाला द्यायचं, ते काही फोनवर येत नाही. मग कुणी ठरवायचं? फिल्टर जिच्या हातात, तिनं! वरुणरावांना पहिलं द्यायलाच हवं — एवढ्या माणसांचा विचार करायचा, डोकं नको चालायला? तुझ्या सासूवर माझा राग नाही हं. विशालाक्षीअक्कांना इडलीचं वाटायचं काम दिलं होतं, म्हणाल्या गुडघे दुखतात. दुखत असतील. पण भर पंगतीत विचारायचं — वरुणरावांची योजना वरलक्ष्मीच्या — म्हणजे माझ्या — चुलीवर शिजते का म्हणून? सगळे हसले गं. वरुणरावसुद्धा. तेव्हापासून अक्कांना दुसरं डिकॉक्शन. आणि सांबाराची डाळ तळाशी बसते, त्यांच्या पानाशी येईस्तोवर मला ओगराळं खालून फिरवायचं सुचत नाही — माझेही हात दुखतात.

जबरदस्ती? अय्यो, कुणाची जबरदस्ती? नको त्यानं जेवू नये. मात्र तांदूळ सगळ्यांचा, दूध सगळ्यांचं, सिलिंडरही आता सगळ्यांचंच. पैसा होता तेव्हा तुझी सासू कोपऱ्यावरच्या हॉटेलात जायची, नाणी टेकवायची, कॉफी पिऊन यायची — माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. माणसाला माणसाची गरजच नव्हती! आता माझ्याशी बोलावं लागतं. गोड बोलावं लागतं. सुधारणा म्हणतात ती हीच.

थांब, उतरलंच बघ. वरुणरावांचं आहे, पण त्यांना आज एक दिवस दुसरं चालेल, त्यांना कळतही नाही. घे, दवऱ्यात, ह्या पसरट वाटीत ओतून निववून देते. पी इथंच, सासूला सांगू नको — आणि सिलिंडरचं मनातून काढ. उद्यापासून तुझं काम फुलझाडांकडे, मी सांगते त्यांना. घे ना.

का गं? नको?

वास तर बघ.

बरं. मग ग्राइंडर तूच धू उद्यापासून, सासूच्या वाटचा. आणि जाताना दार ओढून घे — वास बाहेर गेला की सगळ्यांना पहिलंच हवं असतं.